जुन्या रोड बाईकच्या चेनरिंगा बदलायच्या आहेत – ५३/३९ च्या जागी काय घ्यावं?

खडकवासला_लेन

मंडळी, सल्ला हवाय. सायकल २००२-०३ च्या आसपासची आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, शिमानो १०५ चा सगळा संच, मागे ९ गियर. ऑफिसातले एक गृहस्थ अमेरिकेहून कायमचे परत आले तेव्हा सामानात ही घेऊन आले आणि नंतर चालवेनात, म्हणून मी घेतली. पुढच्या चेनरिंगा (पायडलजवळची दातेरी चाकं) ५३ आणि ३९ दात्यांच्या, मागची चाकं १२ ते २५ दात्यांची. रिमवर दाबणारे ब्रेक आहेत आणि मला ते आवडतात, त्यामुळे "नवी घ्या" हा सल्ला कृपया राखून ठेवा.

अडचणी दोन. डोणज्याच्या पुढे सिंहगडाचा चढ लागला आणि उभं राहून जोर दिला की चेन खटकन उडते. एकदा तर गुडघा हँडलवर आपटला. दुसरी म्हणजे ३९-२५ हा सगळ्यात हलका गियर माझ्या ४७ वर्षांच्या गुडघ्यांना हलका वाटतच नाही.

दुकानात दाखवली. त्यांनी पुढच्या रिंगांवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला: दाते संपलेत, या रिंगा आता येत नाहीत, पूर्ण क्रँकसेट (पायडलचे दांडे आणि रिंगा) बदला. मला वाटतं फक्त रिंगा बदलून भागावं. ५०-३४ घेतल्या तर एका दगडात दोन पक्षी. या क्रँकवर ३४ बसेल का? कुठल्या कंपनीच्या घ्याव्या? बजेट दहा हजारांच्या आत, घरी सांगायचा आकडा त्याहून कमी.

पानशेत_परत

रुमाल टाकून ठेवतोय. माझीही तीच रडकथा आहे.

डबलसीट

३९-२५ जड वाटतो कारण वर बसलेला माणूस जड आहे. पाच किलो उतरवा, चेनरिंग फुकट.
(हलके घ्या. दोन्ही अर्थांनी.)

घाटमाथा

३४ बसणार नाही, हे आधीच सांगतो म्हणजे तुम्ही ऑर्डर टाकून मोकळे होणार नाही. त्या काळच्या १०५ च्या दोन रिंगांच्या क्रँकला पाच हात असतात आणि बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला सगळे बीसीडी म्हणतात, १३० मिमी असतो. त्या वर्तुळावर लहानात लहान ३८ दात्यांची रिंग बसते. त्याहून लहान केली तर चेन बोल्टांवर आणि क्रँकच्या हातांवर घासेल. ३४ साठी ११० चा क्रँक लागतो.

पण थांबा, रिंगा खरेच संपल्यात का, हा माझा पहिला प्रश्न आहे. जोर लावल्यावर चेन उडते तेव्हा दहातल्या आठ-नऊ वेळा दोष मागे असतो, पुढे नसतो. कारण साधं आहे. पुढे ३९ दात्यांपैकी जवळजवळ अर्ध्या दात्यांवर चेन बसलेली असते, मागच्या लहान चाकावर सहा-आठ दात्यांवर. सगळा ताण त्या मोजक्या दात्यांवर. शिवाय मागे माणूस दोन-तीन लाडक्या गियरांवरच आयुष्य काढतो, तेच आधी झिजतात.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी बघून सांगा.

एक, चेन मागच्या कुठल्या चाकांवर उडते? सगळ्या नऊवर उडत असेल तर पुढच्या रिंगेवर संशय घ्या. दोन-तीनवरच उडत असेल तर कॅसेट, म्हणजे मागच्या चाकांचा संच.

दोन, चेन मोजा. त्यासाठी महागडं गेज नको, इंचाची स्टीलची पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. चेनची पिच अर्धा इंच असते, त्यामुळे चोविसावी पिन बरोब्बर १२ इंचावर यायला हवी. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर चेनीने कॅसेटही खाल्ली असं धरा.

गणितमास्तर

बीसीडी मोजायची सोपी युक्ती. पाच हातांच्या क्रँकवर समोरासमोर बोल्ट येत नाहीत, म्हणून व्यास थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. (छत्तीस अंशांच्या साईनने भागलं तरी तेच.) गुणाकार नको असेल तर लक्षात ठेवा: ६४.७ मिमी आलं तर ११०, ७६.४ आलं तर १३०, ७९.४ आलं तर १३५, ८४.६ आलं तर १४४.

१३० आणि १३५ मध्ये बोल्टाबोल्टांतला फरक फक्त ३ मिमीचा आहे. शिवणकामाच्या टेपने मोजू नका, व्हर्नियर घ्या. १३५ ही जुनी कॅम्पाग्नोलो, तुमच्याकडे नसणार, पण हा धागा उद्या दुसरं कोणी वाचेल.

अदिती_ब

दुकानदाराने बोट फिरवून दाते संपल्याचं सांगितलं त्यावरून एक. ५३ च्या रिंगेवर काही दाते मुद्दाम आखूड आणि तिरपे कापलेले असतात, आणि आतल्या अंगाला बारीक पिना आणि उतार असतात. लहान रिंगेवरून चेन वर चढावी म्हणून कारखान्यातच तशी घडवलेली असते. नव्या रिंगेवर हे पहिल्यांदा पाहिलं तर कोणालाही ती झिजलेली वाटेल. झीज बघायची तर बाकीच्या, पूर्ण उंचीच्या दात्यांकडे बघा. दात्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर ठीक. एका बाजूला खोलगट होऊन दाता शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखा वाकलेला दिसला तर रिंग गेली.

शंभूनाना

वाचून गंमत वाटली. आमच्या उमेदीत पुढे एकच चक्का, मागे एकच फ्रीव्हील, आणि क्रँक कॉटर पिनेवर. पिन ढिली झाली की पायडल एका ठिकाणी 'टक' करायचं आणि आम्ही रस्त्याकडेचा दगड घेऊन ती ठोकायचो. मुंबई-पुणे शर्यत बघायला बोरघाटात जाऊन बसायचो, तेव्हा विदेशी गियरवाल्या सायकली पहिल्यांदा जवळून पाहिल्या. एका स्पर्धकाची चेन पडली तर पोरंच धावली बसवायला. पंच ओरडत होते, ऐकतंय कोण!

मुद्द्याचं सांगतो. चक्का एका अंगाने झिजला की उलटा करून लावायचा. दात्याची दुसरी बाजू कोरी असते. आमच्या मिस्त्रीने कित्येकांचे पैसे असे वाचवले. खडकवासलेकर, उलटी करून बघा.

घाटमाथा

नाना, सपाट चक्क्याला ते शंभर टक्के लागू आहे. पण ५३ ला उलटी केली तर अदितीताईंनी सांगितलेल्या पिना आणि उतार बाहेरच्या अंगाला येतील आणि चेन वर चढायला कुरकुर करेल. शिवाय बोल्टाचं डोकं बसायला केलेली खाच एकाच बाजूला असते. ३९ ला पिना नसतात, तिथे एखाद्याने जमवलंही असेल, पण खाचेचा प्रश्न राहतोच.

शंभूनाना

बरं बुवा. सायकलीला आता उलट-सुलट बाजूही आली.

बोरघाट

मी दुकानदाराच्या बाजूने बोलतो, नाहीतर इथे सगळे त्याला लुटारू ठरवून मोकळे होतील.

"या रिंगा आता येत नाहीत" यात तथ्य आहे. शिमानोने २०१२ च्या ड्युरा-एसपासून (त्यांचा सर्वात वरचा संच) चार हातांचा क्रँक आणला, मग त्याखालचे अल्टेग्रा आणि १०५ ही त्याच वाटेने गेले. त्या चार हातांवर ५३-३९ आणि ५०-३४ दोन्ही बसतात, म्हणून दुकानदाराला पाच हातांच्या १३० च्या रिंगा ठेवायचं कारणच उरलं नाही. फ्रान्सच्या टीए आणि स्ट्राँगलाईट अजून करतात, जपानची सुगिनो करते. पण त्या मागवायच्या, वर कस्टम्स आणि कुरिअर. दोन चांगल्या रिंगांचा खर्च बघा आणि एक साधा ५०-३४ चा क्रँकसेट नव्या बीबीसकट (बॉटम ब्रॅकेट, क्रँक जिच्यावर फिरतो ती मधली बेअरिंग) बघा. आकडे फार लांब नसतात.

आणखी एक. त्या काळच्या १०५ ला ऑक्टालिंक, म्हणजे शिमानोच्या जुन्या खाचांच्या पद्धतीची, बीबी असते. ती संपली की तशीच नवी शोधत बसावं लागतं. फ्रेमला इंग्लिश आट्यांची ६८ मिमीची बीबी असेल तर बाहेरच्या बेअरिंगची होलोटेक सरळ बसते. एकदाच काय ते करून टाका.

पानशेत_परत

+१. जुन्याला ठिगळं लावण्यात माझे जेवढे गेले त्यात नवी आली असती. बायको हे दर महिन्याला आठवण करून देते, म्हणून इथेही सांगतो.

अदिती_ब

@बोरघाट, मुद्दा पटतो, पण "एकदाच काय ते" म्हणताना क्रमाकडे बघा. कॅसेट आणि चेन संपलेली असेल तर ती बदलावीच लागणार, क्रँक घ्या की नका घेऊ. नव्या क्रँकवर जुनी झिजलेली चेन टाकली तर नव्या रिंगा पहिल्या पावसाळ्यातच खराब. तेव्हा मागून सुरुवात. मग हलका गियर किती हवा ते बघू.

खडकवासला_लेन

मोजलं! शेजाऱ्यांचा व्हर्नियर आणला.

बोल्टाबोल्टांतलं अंतर ७६ आणि वर थोडं, म्हणजे १३०. घाटमाथा बरोबर.

चेन १२ इंचांवर एक अष्टमांशाहूनही पुढे. मागच्या मालकाने ती कधी बदलली असेल असं वाटत नाही.

उडते फक्त १९ आणि २१ वर. २३ आणि २५ वर अजिबात नाही. सिंहगडावर मी उभा राहतो तेव्हा २१ वर टाकतो, म्हणून चढावरच उडते असं वाटत होतं.

५३ चे आखूड दाते ताईंनी सांगितलेलेच निघाले, बाकीचे दाते सरळ आहेत. ३९ मात्र एका बाजूला थोडी खोल वाटतेय, फोटो जोडतो. फोटो जोडता येईना. असो.

घाटमाथा

झालं तर. कॅसेट आणि चेन, यात वाद नाही. दोन्ही एकत्रच बदला. नवी चेन जुन्या कॅसेटवर टाकलीत तर आज जेवढी उडते त्याच्या दुप्पट उडेल, कारण नव्या चेनीची पिच आणि झिजलेल्या दात्यांचं अंतर जुळणार नाही.

३९ ची परीक्षा नवी चेन आल्यावर घ्या. चेन रिंगेवर बसवा, पुढच्या टोकाला बोटाने धरून पुढे ओढा. दात्यावरून अर्धा दाता वर उचलली गेली तर रिंग बदला. घट्ट बसून राहिली तर अजून चालेल.

गणितमास्तर

आता गियर किती हलका हवा त्याचा हिशोब, कारण इथे सगळे "३४ हवी, ३४ हवी" करतायत आणि मागच्या चाकाकडे कोणी बघत नाही.

गियर म्हणजे गुणोत्तर. ३९ भागिले २५ म्हणजे १.५६. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर पायडलच्या एका फेरीत ३.२८ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ११.८ किमी. आता माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो आणि चढ ८ टक्के धरा. नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २१८ वॉट लागतात. हवा आणि टायरचं घर्षण वेगळं. हौशी माणसाला २१८ वॉट अर्धा-पाऊण तास काढणं सोपं नाही, म्हणून फेऱ्या ६० च्या खाली जातात आणि गुडघे बोलायला लागतात.

पुढची नुसती ३९ ची ३८ केली तर? ताशी ११.८ चे ११.५. एका दात्यासाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

३४ लावली आणि मागे २५ च ठेवली तर गुणोत्तर १.३६.

आता हे बघा: पुढे ३८, मागे २८. गुणोत्तर १.३५७. म्हणजे ३४-२५ च्या तोडीस तोड, क्रँकला हात न लावता. ३९-२८ ठेवली तरी १.३९. ताशी साडेदहा किमी आणि साधारण १९५ वॉट.

म्हणजे ज्या हलक्या गियरसाठी क्रँकसेट बदलायला निघाला होतात, तो मागच्या तीन दात्यांत मिळतो. आणि कॅसेट तर बदलायचीच आहे.

डबलसीट

मास्तर, पाच किलो उतरवले तर किती वॉट वाचतात?

गणितमास्तर

८५ चे ८० केले तर त्याच वेगाला २१८ चे २०६. पाच किलोंनी १२ वॉट, मागच्या तीन दात्यांनी २३. दात्यांना वडापाव सोडावा लागत नाही.

डबलसीट

मास्तरांना दंडवत. वडापाव सुटला, म्हणजे वाचला.

बोरघाट

हिशोब कागदावर छान आहे. पण त्या काळच्या १०५ च्या आखूड पिंजऱ्याच्या (दोन पुल्या धरणाऱ्या पट्टीच्या) मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राला, कंपनी २७ पर्यंतच परवानगी देते. २८ कशी बसवणार?

घाटमाथा

२७ कागदावर आहे, खरं. प्रत्यक्षात डिरेलरच्या हँगरच्या लांबीवर ठरतं. डिरेलरचा बी-स्क्रू आत फिरवला की वरचं पुलीचं चाक कॅसेटपासून लांब जातं आणि २८ बहुतेक सायकलींवर बसून जाते. स्टँडवर लावा, २८ वर टाका, हाताने उलट पायडल मारून बघा. पुली घासली नाही तर झालं.

दुसरी मर्यादा एकूण क्षमतेची, ती जास्त महत्त्वाची. पुढच्या दोन रिंगांतला फरक अधिक मागच्या लहान-मोठ्यांतला फरक. आखूड पिंजऱ्याची क्षमता २९. आत्ता १४ अधिक १३ म्हणजे २७. ५३-३९ तशीच ठेवून ११-२८ घातलीत तर १४ अधिक १७ म्हणजे ३१, लहान-लहानवर (पुढे लहान रिंग, मागे लहान चाक) चेन लोंबेल. पण ५०-३८ आणि ११-२८ केलीत तर १२ अधिक १७ म्हणजे बरोब्बर २९. आणि ३४-५० चा क्रँक घेतलात तर १६ अधिक १७ म्हणजे ३३, मग लांब पिंजऱ्याचा डिरेलरही आला. बोरघाट, तुमच्या "एकदाच काय ते" मध्ये तो धरला होता का?

बोरघाट

नव्हता धरला. पण लहान-लहानवर चालवतोच कोण? ३३ असली तरी शहाणा माणूस ३४-११ वर जात नाही, थोडी लोंबली तर लोंबू दे. मी तसंच चालवलंय आणि काही बिघडलं नाही. आणि माझी मूळ सूचना ऑक्टालिंकसाठी होती, तिला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

घाटमाथा

ऑक्टालिंकबद्दल मान्य. बीबी खडखडायला लागली की त्या दिवशी क्रँकसेटचा विचार करावा. आज ती गुळगुळीत फिरत असेल तर आज कशाला?

लेस्टरकर

अवांतर होतंय पण राहवत नाही. इथे जुन्या सायकलींचे वेडे खूप, मीही त्यातलाच. माझ्या एका इटालियन सायकलीवर कॅम्पाग्नोलोचा जुना १४४ चा क्रँक आहे. त्यावर लहानात लहान ४१, आणि सहज मिळते ती ४२. तुम्ही ३९ ला जड म्हणताय! मोठ्या रिंगा मिळतात, कारण वेलोड्रोमच्या ट्रॅक सायकलींत १४४ अजून चालू आहे. पण त्यातल्या बऱ्याच जाड चेनीसाठी असतात, ९ गियरची अरुंद चेन त्यांवर बसत नाही. स्वस्त दिसली म्हणून कोणी उचलू नये.

दुसऱ्या सायकलीवर ८० च्या दशकातल्या शिमानोच्या बायोपेस रिंगा होत्या. गोल नाहीत, दबलेल्या. पायडल सर्वात खाली-वर असताना, म्हणजे पाय मृत बिंदूवर असताना, रिंगेची मोठी त्रिज्या समोर येते. जोर लावायच्या वेळी लहान. लोकांनी खूप नावं ठेवली आणि शिमानोने त्या बंद केल्या. मला काही त्रास नव्हता, पण पुढचा डिरेलर नीट बसवता येईना म्हणून गोल लावल्या.

तिरफळ

पण लंबगोल रिंगा तर आताही येतात. २०१२ ची टूर द फ्रान्स विगिन्सने असल्याच रिंगांवर जिंकली ना?

लेस्टरकर

हो, ऑसिमेट्रिक. पण त्यांचा विचार बायोपेसच्या बरोबर उलटा: जोराच्या वेळी त्रिज्या मोठी, मृत बिंदूला लहान. तीस वर्षांत एकाच प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरं आणि दोन्ही तितक्याच आत्मविश्वासाने विकली गेली. खडकवासलेकरांनी गोलच घ्यावी.

तिरफळ

आणि तीन रिंगांचा क्रँक? माझ्या सायकलीला ५२-४२-३० आहे. ३०-२५ वर काहीही चढतं. लोक हसतात, पण वर मी त्यांच्या आधी चहा पीत असते.

घाटमाथा

हसणाऱ्यांना हसू द्या. तीन रिंगांच्या जुन्या क्रँकमध्ये बाहेरच्या दोन १३० वर आणि आतली ७४ वर असते, म्हणून तिथे २४ पर्यंतही जाता येतं. घाटांसाठी उत्तमच. पण दोनवरून तीनवर जायचं तर डावा शिफ्टर, पुढचा डिरेलर, लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर आणि लांब बीबी, एवढं सगळं. असलेली ठेवावी, नसलेली करायला जाऊ नये.

मी_फक्त_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. मागे ११-३२ घालून एमटीबीचा (माउंटन बाईकचा) लांब डिरेलर लावला तर? पुढे ३९ ठेवूनही १.२२ येतं. बऱ्याच बीआरएमवाल्यांच्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडवाल्यांच्या) सायकलींवर तसं पाहिलंय.

अदिती_ब

स्वागत! चालतं, आणि माझ्या सायकलीवर तेच आहे. फक्त डिरेलर शिमानोचा ९ गियरचा एमटीबी असायला हवा. ९ पर्यंत रोड आणि एमटीबीची केबलची ओढ सारखी आहे. १० गियरच्या एमटीबी डिरेलरची ओढ बदलली, तो ९ च्या रोड शिफ्टरबरोबर गियर पकडत नाही. दुकानात "लागतो मॅडम" म्हणतील, लागतोही, बदलत मात्र नाही.

तोटा सांगते. ११-३२ मध्ये दोन गियरांत उड्या मोठ्या. २०० किमीच्या बीआरएमला साडेतेरा तास असतात, तिथे घाईपेक्षा गुडघे महत्त्वाचे, म्हणून मला चालतं. कोणी ग्रुपबरोबर सपाटीवर पळवत असेल तर नाही आवडणार.

आणि ५३ चा मोह सोडा. ५०-११ हे ५३-१२ पेक्षा जड आहे, ४.५५ विरुद्ध ४.४२. ११ ची कॅसेट घेतलीत की ५० ने काहीच कमी होत नाही.

शंभूनाना

धागा गियरचा आणि प्रतिसाद सगळे गणिताचे. शाळेत असं शिकवलं असतं तर सातवीत गुणोत्तर-प्रमाणात नापास झालो नसतो.

खडकवासला_लेन

सर्वांचे मनापासून आभार. ११-२८ ची कॅसेट आणि ९ ची चेन बसवली. चेन उडणं बंद. २८ बी-स्क्रू फिरवल्यावर बसली, पुली घासत नाही. सध्या मोठ्या रिंगेवर असताना मागे २८ वर आणि लहानवर असताना ११ वर जायचं नाही एवढं पाळतोय. सिंहगड केला, बसूनच केला, फक्त शेवटच्या वळणांवर उभा राहिलो.

पण घाटमाथांची परीक्षा केली आणि ३९ वरून चेन उचलली जाते. म्हणजे ती बदलावीच लागेल. क्रँक ठेवायचं ठरवलंय, बीबी अजून मऊ फिरते. ५०-३८ मागवतोय. एका साईटवर ५० ची रिंग बरीच स्वस्त दिसतेय, पाच बोल्ट आहेत. घेऊ का? आणि बसवताना काय बघायचं?

घाटमाथा

ती स्वस्त ५० जवळजवळ नक्की ११० ची असणार. बाजारात पाच बोल्टांच्या बहुतेक ५० कॉम्पॅक्टसाठीच्या, म्हणजे ५०-३४ च्या ११० क्रँकसाठीच्या, आहेत. वर्णनात १३० लिहिलेलं असल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय मोठ्या रिंगेवरच्या पिना आतल्या रिंगेच्या आकाराप्रमाणे बसवलेल्या असतात. ३४ च्या जोडीची ५० आणि ३८-३९ च्या जोडीची ५० यांत फरक असतो. एकाच कंपनीची जोडी घेतलेली बरी. ९ किंवा १० गियरसाठीची, दोन्ही चालतील.

बसवताना: आतली रिंग काढायला उजवा क्रँक उतरवावाच लागतो. ऑक्टालिंकचा स्पिंडल पोकळ असतो, चौकोनी स्पिंडलचा पुलर तसाच वापरला तर तो आतल्या आट्यांत शिरून त्या खराब करतो. पुलरच्या टोकाला लावायची टोपी येते, ती असल्याशिवाय फिरवू नका. ज्यांच्याकडून कराल त्यांना आधी विचारा.

बोल्ट ५ मिमीच्या ॲलन कीने निघतात. इतक्या वर्षांच्या पावसाने धरले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. मागची नटं बोल्टाबरोबर फिरायला लागतील, त्यांचा दोन दातांचा पाना मिळतो, तो घ्या. बसवताना ग्रीस लावा आणि पाचही बोल्ट आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळा, एकच पूर्ण आवळून पुढच्याकडे जाऊ नका.

मोठ्या रिंगेवर एक ठसठशीत पिन बाहेर आलेली असते, ती क्रँकच्या दांड्याच्या मागे यायला हवी. चेन बाहेर पडली तर दांड्यात अडकू नये म्हणून ती असते. ती चुकीच्या जागी गेली की बाकीच्या पिना आणि उतारही चुकीच्या जागी जातात.

शेवटचं काम लोक विसरतात: ५३ ची ५० झाली की रिंगेचा माथा साधारण ६ मिमी खाली येतो. पुढचा डिरेलर तेवढाच खाली सरकवा. पिंजऱ्याच्या बाहेरच्या पट्टीत आणि दात्यांत १ ते ३ मिमी फट राहायला हवी.

गणितमास्तर

चेनची लांबी बदलू नका. मोठी-मोठी बेरीज आधी ५३ अधिक २५, आता ५० अधिक २८, दोन्ही ७८. जुन्या चेनीच्या कड्या मोजून नव्या चेनीला तेवढ्याच ठेवल्या असतील तर ते काम झालेलं आहे.

खडकवासला_लेन

मोजूनच ठेवल्या होत्या. ५० चं वर्णन पुन्हा वाचलं: ११०. नाही घेत. टीएची १३० ची जोडी सापडली आहे, घरी सांगायचा आकडा तेवढा ठरवायचा राहिलाय.

लेस्टरकर

जुनी ५३ टाकून देऊ नका, दाते सरळ आहेत म्हणालात ना? मे महिन्यात पुण्यात येतोय, घेऊन जाईन. चहा माझ्याकडून.

डबलसीट

चहा म्हणाला आहात. बरोबर वडापाव आला तर मास्तरांना वॉट मोजायला बोलवावं लागेल.